एकाच छपराखालचा ताप

मलकापुराहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे व त्यांतील बराच भाग घरगुती असल्यामुळें तो येथें देतां येत नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न असा आहे कीं, तो आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांत कधीं ना कधीं उठला असेल. म्हणून ह्या महिन्याचें सदर त्यालाच दिलें आहे.

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे, मलकापूर हें गांव आहे. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या वास्तव्याचें तें ठिकाण होतें. तेथील एका वाड्यांत ह्या बाईंचें नऊ माणसांचें एकत्र कुटुंब राहत असे. २०२१ सालीं ज्येष्ठाच्या आरंभीं, कोल्हापूर जिल्ह्यांत कोविडचा जोर असतांना, आठवड्याच्या आंत नवांनाहि त्याची बाधा झाली. एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंना दोन दिवस अंगांत कणकण होती. तिसऱ्या दिवशीं त्या देवघरांत पूजेस बसल्या. चारी मुलांना म्हणण्यासारखें कांहीं झालें नाहीं. यजमानांची वासाची जाणीव गेली, ती दोन महिन्यांनीं परत आली. स्वतः बाईंना जिना चढतांना धाप लागे, ती दिवाळीपर्यंत राहिली. आणि थोरले दीर, वय बेचाळीस, रोज पहांटे सूर्यनमस्कार घालणारे, ज्यांना कोणीं कधीं दिवसां अंथरुणावर पाहिलें नव्हतें, ते आठव्या दिवशीं कोल्हापुरास रुग्णालयांत गेले ते परत आले नाहींत.

"एकच अन्न, एकच पाणी, एकच रक्त, मग असें कां व्हावें?" असें बाई विचारतात. परंतु पत्राचें खरें दुःख पुढेंच आहे. आप्तेष्टांत तेव्हांपासून दोन बोल चालत आले आहेत. एक असा कीं, बाई बँकेंत नोकरीस जात, त्यांनींच हा ताप घरांत आणला. दुसरा असा कीं, जाऊबाईंनीं नवऱ्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलें असतें तर एवढा धट्टाकट्टा माणूस जाता ना. इतकीं वर्षें लोटलीं तरी लग्नकार्यांत कोणी तरी हें काढतोच, आणि जाऊबाई पंगतींतून उठून जातात.

रोगप्रतिकार हें एकच एक बळ असून तें कोणांत शेरभर तर कोणांत पावशेर असतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आप्तांचे दोन्ही बोल ह्या समजुतींतून निघाले आहेत. वस्तुतः हा एका माणसाचा कारभार नाहीं. वेशीवरचा पहारा निराळा, आंत शिरलेल्याची ओळख पटविणारे निराळे, आणि पूर्वीं कोण येऊन गेला ह्याचें दप्तर ठेवणारे निराळे. ह्यांपैकीं एक खातें उत्तम असून दुसरें अगदीं ढिलें असूं शकतें, आणि धन्याला त्याचा पत्ताहि नसतो.

प्रथम "एकच रक्त" ह्या शब्दांविषयीं. विषाणु ज्या पेशींत शिरतो त्या पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर, तबकांत ठेवून दाखवावेत तसे, मांडतात. तें पाहून पांढऱ्या पेशींना कळतें कीं परका आंत आला आहे. हीं तबकें घडविण्याचा आराखडा सहाव्या गुणसूत्रावर असतो, आणि माणसामाणसांत जितका फरक ह्या आराखड्यांत आढळतो तितका जनुकांच्या दुसऱ्या कोणत्याहि भागांत क्वचितच आढळेल. मुलाला एक जुडगा आईकडून व एक बापाकडून मिळतो. दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही जुडगे जुळण्याचा संभव चारांत एक. अस्थिमज्जा देण्याचा प्रसंग आला म्हणजे सख्ख्या भावाचेंहि रक्त आधीं तपासून पाहतात तें ह्याचसाठीं. एकाच्या तबकांत विषाणूचा जो तुकडा ठसठशीत दिसतो, तो दुसऱ्याच्या तबकांत बसतहि नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंत असें दिसून आलें कीं, एचएलए-बी १५:०१ नांवाचा एक विशिष्ट आराखडा ज्यांच्याजवळ आहे त्यांना कोविडची लागण होऊनहि कांहीं त्रास न होण्याचा संभव इतरांच्या दुपटीहून अधिक, आणि आईबाप दोघांकडूनहि तोच मिळाला असेल तर आठपटीहून अधिक होता. ह्यांत त्या माणसांचें कर्तृत्व तें काय? नाकाचा आकार मिळावा तसें तें मिळालें.

आतां वेशीवरच्या पहाऱ्याची गोष्ट. मलकापूरच्या प्रश्नाशीं तिचा संबंध अधिक निकटचा आहे. विषाणूची चाहूल लागतांच पेशी इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडतात. शेजारच्या पेशींना ती हांक असते कीं, दारें लावून घ्या. ही हांक पहिल्या एकदोन दिवसांत गेली तर पुढचें बरेंचसें संकट टळतें. उशिरा गेली तर विषाणु तोंवर घरभर पसरलेला असतो. नेदरलँड्समध्यें २०२० सालीं दोन निरनिराळ्या कुटुंबांतील दोन-दोन सख्खे भाऊ, चौघेहि तरुण व पूर्वीं निरोगी, कोविडनें अत्यवस्थ झाले; त्यांतील एक दगावला. तपासाअंतीं चौघांच्याहि शरीरांत विषाणूची चाहूल घेणारें टीएलआर-७ नांवाचें एक जनुक निकामी आढळलें. हें जनुक एक्स गुणसूत्रावर असतें. स्त्रीजवळ एक्स दोन असतात, पुरुषाजवळ एकच. तेव्हां स्त्रीचें एक बिघडलें तरी दुसरें काम चालवितें, पुरुषाचें अडतें. कोविडनें पुरुष अधिक गेले ह्याचीं कारणें अनेक आहेत; त्यांपैकीं हें एक.

त्याच वर्षीं झां-लोराँ काझानोव्हा ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मंडळींनीं याहून विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. कोविडनें अत्यवस्थ झालेल्या ९८७ रोग्यांचें रक्त त्यांनीं तपासलें. त्यांपैकीं १०१ जणांच्या रक्तांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारीं प्रतिपिंडें सांपडलीं. पहारेकऱ्यानें हांक मारावी आणि घरच्याच माणसानें त्याच्या तोंडावर हात ठेवावा, तसा हा प्रकार. त्या १०१ पैकीं ९५ पुरुष होते. लागण होऊनहि ज्यांना विशेष त्रास झाला नाहीं अशा ६६३ जणांत एकाच्याहि रक्तांत तीं नव्हतीं. अशा माणसाला आपल्या अंगांत हें आहे ह्याची गंधवार्ता नसते. तो पहांटे उठतो, सूर्यनमस्कार घालतो, डोंगर चढतो. त्याची छाती रुंद व भूक चांगली असते. मलकापूरच्या ह्या गृहस्थांच्या रक्तांत तसेंच कांहीं होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें कोणीं तपासलेलें नाहीं. पण असें कांहीं असलें तर तें अंगपिंड पाहून डॉक्टरालाहि ओळखतां येत नाहीं. मग तें पत्नीनें भाजी-भाकरीच्या योगानें ओळखावें व दुरुस्त करावें, असें म्हणणारांना काय म्हणावें?

वंशपरंपरेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. तिसऱ्या गुणसूत्रावरील जनुकांचा एक तुकडा कोविड विकोपास जाण्याचा धोका वाढवितो. स्वांते पाबो व ह्यूगो झेबर्ग ह्यांनीं २०२० सालीं दाखविलें कीं, तो तुकडा निअँडरथल नांवाच्या लुप्त मानवजातीकडून आपल्याकडे आला. युरोपांत तो सुमारें सहांत एका माणसाजवळ आहे. आपल्या दक्षिण आशियांत जवळजवळ निम्म्या लोकांजवळ आहे. सात पिढ्यांचें गोत्र-प्रवर तोंडपाठ असणाऱ्या घराण्यांनींहि ह्या दूरच्या सोयरिकीचा शोध कधीं घेतला नव्हता!

तथापि सर्व भार रक्तावर टाकणेंहि बरोबर नाहीं. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील एक अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जुळ्यांच्या १०५ जोड्यांमधील प्रतिकारव्यवस्थेच्या २०४ गोष्टी मोजल्या होत्या. सुमारें तीन-चतुर्थांश गोष्टींत आनुवंशिकतेपेक्षां इतर कारणांचा वाटा मोठा दिसला, आणि जुळ्यांचें वय जसजसें अधिक तसतसा त्यांच्यांतील फरकहि अधिक. सायटोमेगॅलो नांवाचा एक विषाणु बहुधा गुपचूप शरीरांत शिरतो व जन्मभर राहतो. तो एका भावाजवळ असला व दुसऱ्याजवळ नसला एवढ्यानेंच मोजलेल्या गोष्टींपैकीं निम्म्याहून अधिक बदललेल्या होत्या. म्हणजे हुबेहूब जुळेहि एका घरांतून निघून दोन वाटांनीं गेले कीं त्यांचीं दप्तरें निराळीं होतात.

ह्या दप्तरासंबंधीं पत्रांत एक वाक्य अगदीं ओझरतें आलें आहे, आणि आमच्या मतें सबंध पत्रांत तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. सासूबाईंनीं मार्च व एप्रिल महिन्यांत लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. साठीच्या पुढील मंडळींना लस १ मार्च २०२१ पासून मिळूं लागली, पंचेचाळिशीच्या पुढील सर्वांना १ एप्रिलपासून. अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांची पाळी १ मे रोजीं आली खरी, परंतु लशीच्या तुटवड्यामुळें महाराष्ट्रांत त्याच महिन्यांत तें काम स्थगित करावें लागलें. दिरांचें वय बेचाळीस. ताप वाड्यांत आला तेव्हां आईच्या शरीरांत ह्या विषाणूची नोंद दोन वेळां झालेली होती. मुलाच्या शरीरास तो सर्वस्वीं नवा होता. तीन वर्षांचा फरक, आणि तोहि जन्मतारखेचा.

नाहीं तर वृद्धांनाच ह्या रोगाचें भय अधिक. छातींतील थायमस नांवाची ग्रंथि तारुण्यापासूनच आकसूं लागते, आणि नव्या शत्रूस ओळखूं शकतील अशा नव्या पेशी वृद्धपणीं फार थोड्या तयार होतात. म्हातारीं माणसें जुन्या दप्तरावर चालतात. दप्तरांत नोंद असली तर तीं तरुणांनाहि मागें टाकतात. २००९ सालीं स्वाइन फ्लूची साथ आली व ३ ऑगस्ट रोजीं पुण्यास तिचा देशांतील पहिला बळी गेला, तेव्हां हें सर्वांच्या प्रत्ययास आलें. त्या साथीनें तरुण जितके घेरले तितके वृद्ध घेरले नाहींत. १९१८ च्या भयंकर इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्याच्याच वंशांतले विषाणु १९५७ पर्यंत जगांत फिरत होते. त्या काळांत बाळपणीं ज्यांना ते भेटले, त्यांच्या शरीरानें पन्नास-साठ वर्षांनंतर त्यांच्या नातवंडास ओळखलें. अमेरिकेंत साठीच्या पुढील लोकांचें रक्त पाहतां सुमारें एकतृतीयांशांत ह्या "नव्या" रोगाविरुद्ध चालतील अशीं प्रतिपिंडें आधींपासूनच होतीं.

मुलांचें उलट आहे. त्यांचें दप्तर कोरें, पण पहारा कडक. कोविडच्या काळांत बर्लिन येथें मुलांच्या नाकांतील पेशी तपासल्या तेव्हां विषाणूची चाहूल घेणारीं साधनें त्यांत आधींपासूनच अधिक सज्ज आढळलीं.

दप्तर असणें नेहमीं हिताचेंच असतें असें मात्र समजूं नये. पावसाळ्यांत आपल्या भागांत डेंग्यू येतो. त्याचे विषाणु चार प्रकारचे आहेत. एका प्रकारानें आजारी पडून बरा झालेला माणूस त्या प्रकारापासून जन्मभर सुरक्षित राहतो. परंतु पुढें दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर जुनीं प्रतिपिंडें त्या नव्या विषाणूस धरतात खरीं, पण मारूं शकत नाहींत. उलट, त्यांच्याच पाठीवर बसून तो पेशींत अधिक सहज शिरतो. क्यूबा बेटांत १९७७ मध्यें पहिल्या प्रकारची साथ आली, ती बहुतेकांना सौम्य गेली. १९८१ मध्यें दुसऱ्या प्रकारची आली आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. विकोपास गेलेले बहुतेक सारे पूर्वीं पहिला प्रकार भोगलेले होते. पुढें १९९७ सालीं सांत्यागो शहरांत पुन्हां दुसरा प्रकार उद्भवला तेव्हां, वीस वर्षें लोटून गेल्यावरहि, तोच हिशेब लागू पडला. मोठीं माणसें अत्यवस्थ झालीं, आणि पहिल्या साथीनंतर जन्मलेलीं मुलें साध्या तापावर सुटलीं. आईचीं प्रतिपिंडें नाळेंतून अर्भकास मिळतात. तीं विरत चाललीं म्हणजे सहा ते नऊ महिन्यांच्या मुलास प्रथमच झालेला डेंग्यूहि असाच उलटूं शकतो.

हें सर्व पाहिलें म्हणजे प्रतिकारशक्ति "वाढविण्याचा" जो धंदा कोविडपासून बोकाळला आहे त्याचें नवल वाटतें. चूर्णें, अवलेह, गोळ्या, थेंब, कांहीं विचारूं नका. ती शक्ति म्हणजे कांहीं तोंडापर्यंत भरावयाचा रांजण नव्हे. कोविडमध्यें दुसऱ्या आठवड्यांत जे अत्यवस्थ होत त्यांपैकीं पुष्कळांचीं फुप्फुसें विषाणूपेक्षां स्वतःच्या शरीराच्या बेभान प्रतिकारानेंच अधिक बिघडत. म्हणूनच, प्रतिकार दडपणारें डेक्सामेथासोन हें जुनें, स्वस्त औषध तेथें उपयोगी पडलें. ब्रिटनमध्यें जून २०२० त जाहीर झालेल्या प्रयोगांत कृत्रिम श्वासावर असलेल्या रोग्यांतील मृत्यु त्यानें सुमारें एकतृतीयांशानें कमी केले. प्राणवायु लागत नव्हता अशांना मात्र त्याचा कांहीं फायदा झाला नाहीं. आलें-तुळशीचा काढा अवश्य प्यावा. घशास बरें वाटतें.

राहिला पहिला बोल, ताप कोणीं आणला हा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें देशभर रक्ततपासणी करविली. डिसेंबर २०२० व जानेवारी २०२१ च्या सुमारास लोकसंख्येच्या चौथ्या-पांचव्या हिश्शांतच ह्या विषाणूचीं प्रतिपिंडें आढळलीं होतीं. जून-जुलै २०२१ च्या तपासणींत सहा वर्षांवरील लोकांपैकीं ६७.६ टक्क्यांत आढळलीं. लस मुळींच न घेतलेल्यांतहि तें प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होतें. अवघ्या सहा महिन्यांत देशांतील बहुसंख्य लोकांच्या शरीरांत जो शिरला, तो ह्या एका वाड्यांत बँकेच्याच वाटेनें आला असें कोणत्या आधारें म्हणावयाचें? दूध आणावयास, वाणसामान आणावयास, औषध आणावयास कोणी ना कोणी बाहेर पडतच होतें. चारी मुलांना लक्षणें नव्हतीं. लक्षणें नसलेल्यापासूनहि तो पसरतो. शिवाय मलकापुरांत मृग लागला कीं दारें-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि एका माजघरांत निजणारीं माणसें रात्रभर एकमेकांचीच हवा घेतात. बाईंनीं हा अंक जाऊबाईंना वाचून दाखवावा, आणि पुढच्या कार्यांत गरज पडल्यास पंगतींतहि.

एकत्र कुटुंबास ह्यांतून घ्यावयाचें तें असें कीं, घरांत एकाला सौम्य गेलें म्हणून दुसऱ्याला सौम्य जाईल असें धरून चालूं नये. ह्याचें सर्वांत कठोर उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलें आहे. २०१२ च्या उन्हाळ्यांत इचलकरंजीस दूषित पाण्यामुळें काविळीची मोठी साथ आली, ती हेपॅटायटिस-ई ह्या विषाणूची होती. हा विषाणु बहुतेक धडधाकट माणसांना कांहीं आठवडे पिवळें करून सोडून देतो. परंतु गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो गांठतो तेव्हां कित्येक साथींत अशा चार-पांच जणींमागें एक दगावलेली आहे. दिराला झाली होती, आठ दिवसांत तो हिंडूंफिरूं लागला, म्हणून सुनेच्या काविळीकडे दुर्लक्ष करणें हें अशा वेळीं जिवावर बेततें. गांवांत काविळीची कुणकुण लागतांच सगळ्या घरानें पाणी उकळून प्यावें, आणि गरोदर बाईला डोळ्यांत पिवळेपणा दिसल्या दिवशींच रुग्णालयांत न्यावें.

आमची आणखी एक सूचना आहे. पत्रिका ज्या पेटींत ठेवतां तिच्यांतच एक वही ठेवावी. घरांतील प्रत्येकाच्या नांवाचें एक पान. त्यावर लशींच्या तारखा, मधुमेह किंवा दमा असल्यास तो, गोवर, कांजिण्या, कावीळ, डेंग्यू कधीं झाले तें, आणि डॉक्टरांनीं तपासणीचा कागद दिला असल्यास त्यावरचा मजकूर. साठीच्या पुढील मंडळींच्या पानावर इन्फ्लुएंझाच्या लशीसाठीं दर वर्षाची जागा राखावी, कारण ती लस दर वर्षीं बदलते. आणि ज्याच्या पानावर डेंग्यू एकदां लिहिलेला आहे त्याला पुन्हां तसा ताप आल्यास, ताप उतरला म्हणून निर्धास्त न होतां पुढचे दोन दिवस अधिक डोळ्यांत तेल घालून पाहावें. पोटांत कळा, थांबत नाहींत अशा वांत्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणें, ह्यांपैकीं कांहींहि दिसलें तर मलकापुरांतच वाट पाहत न बसतां कोल्हापूर गांठावें. आणि तोंवर तापासाठीं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घरच्या डब्यांतून काढून देऊं नये, त्यानें रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतें.